पाचवा ‘का’

आमच्या कारखान्यात स्टीलचे डबे बनतात आणि त्यांची झाकणंही बनतात. दोन्ही उत्तम बनतात. फक्त ती एकमेकांना बसत नाहीत.

तक्रारी फारच वाढल्या तेव्हा मालकांनी एक सुधारणा-सल्लागार बोलावला. गृहस्थ आले ते पिवळ्या चिकटपट्टीची गुंडाळी घेऊनच. दुपारपर्यंत अख्ख्या कारखान्यात चौकोन आखून झाले आणि पक्कड, हातोडा, झाडू, चहाची किटली, जो तो आपापल्या चौकोनात जाऊन बसला. मग त्यांनी आम्हाला अपव्यय म्हणजे काय ते शिकवलं. चालणं अपव्यय, थांबणं अपव्यय, साठवणं तर महाअपव्यय. प्रेसवर झाकणं दाबणाऱ्या मावशींचं स्टूल त्यांनी ‘अनावश्यक बसणं’ या सदराखाली जप्त केलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. बोलणार काय, कपाळ! मावशी उभ्याने दाबू लागल्या.

मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख. विभागात मी एकटाच असल्यामुळे शिस्त चांगली आहे.

खरं हत्यार सल्लागारांनी शेवटी बाहेर काढलं. म्हणाले, कुठल्याही बिघाडाला ओळीने पाच वेळा ‘का?’ विचारा, पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं, मग ते उपटून टाकायचं. फुकटातलं हत्यार म्हटल्यावर मालक जाम खूश झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे बैठक घेतली. अर्थात उभ्याने.

झाकण बसत नाही. का? पत्रा कुठे जाड, कुठे पातळ. का? पुरवठादारच तसा पाठवतो. का? आला की इथे कोणी मोजत नाही. का? मोजायचं काम गोदामातल्या भाचेसाहेबांचं आणि ते उगवतात जेवायच्या सुट्टीला. इथवर गाडी सुरळीत चालली होती. सल्लागार बिचारे नवीन होते, त्यांनी भर सभेत पाचवाही टाकला: मग भाचेसाहेबांना कोणी जाब का विचारत नाही?

भाचेसाहेब म्हणजे मालकांच्या सख्ख्या बहिणीचे चिरंजीव आणि पत्रा पाठवणारे मालकांचे साडू, हे आमच्या इथल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. माझ्या बुटांना नाडी नव्हती.

मालक शांतपणे म्हणाले, “इतके प्रश्न विचारणं हासुद्धा अपव्ययच की हो.”

सल्लागार हाडाचे तज्ज्ञ. त्यांना लगेच आठवलं की सुधारित पद्धतीत चार ‘का’ पुरतात. पण चौथ्या उत्तरात भाचा उभा. तीन केले तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच. दोन केले तर साडू. एकच ठेवला तर पत्रा, आणि पत्राही साडूंचाच! तेव्हा फळ्यावर ‘का’ एकच ठेवून त्याचं उत्तर सुधारण्यात आलं. झाकण बसत नाही, कारण ते मावशी दाबतात. याला अडाणी लोक चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे याला मूळ कारणाचं शास्त्रीय विश्लेषण म्हणतात.

मावशींना बोलावून उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि विचारलं, “का?”

सल्लागारांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “एकच होता, बाई. तो वापरून झाला.”

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी कुठे चौकोन आखलेला नव्हता, म्हणून मी कामाला लागलो.

मावशी गेल्या, झाकणं होती तशीच राहिली. त्यांच्या जागी दुसरी बाई आली, तीही मूळ कारण निघाली. मग एक बाप्या आला, तोही निघाला. माणसं संपत आली तेव्हा प्रेसच मूळ कारण ठरली आणि भंगारात गेली. झाकणं बंद झाली. झाकण न बसल्याच्या तक्रारी त्याच दिवशी शून्यावर आल्या आणि मालकांना अपव्यय-निर्मूलनाचं पदक मिळालं. भाचेसाहेब आता हे तंत्र इतर कारखान्यांना शिकवतात.

बिनझाकणाचा डबा सध्या ‘मोकळा श्वास’ या नावाने बाजारात आहे, पूर्वीपेक्षा जरा महाग. दिसायला बरा आहे म्हणून तुम्हीही घेतला असेल. आमचे ग्राहक मोठे जागरूक, फोनवर फोन करतात. मुंग्या का लागतात, वास का पसरतो, किंमत का वाढवली, याच्यात मोठा का नाही? मी सगळ्यांना सविस्तर उत्तरं देतो.

मावशींचं पुढे काय झालं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना मावशी माहीतच नव्हत्या. तुम्हाला माहीत होत्या.