रंगरावांची गोरक्षची गाडी

गाडी कशी ठेवावी हे अख्ख्या कंपनीत आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं रंगरावांचं ठाम मत होतं आणि कँटीनमध्ये ते वरणाच्या आधी वाढलं जाई. त्यांच्या पांढऱ्या गाडीत शिरताना चपला झटकायच्या, दार आपटायचं नाही, नुसतं लोटायचं. सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सुभद्राबाई उतरताना ते पाठीपासून चर्रकन सुटे. रंगरावांना त्या आवाजात नवेपणा ऐकू येई.

त्यांच्याच शिफ्टमधल्या गोरक्षनं त्याच दसऱ्याला, त्याच शोरूममधून तश्शीच पांढरी गाडी घेतली होती. दोघांनी मिळून बुकिंग केलं म्हणून सूट मिळाली होती. गोरक्षच्या गाडीतून मात्र चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या जात, येताना पेंड येई. एकदा तर व्यायला झालेली शेळी मागच्या सीटवर बसून डॉक्टरकडे जाऊन आली होती.

"गोरक्ष, ही गाडी आहे की गोठा?"

"दोन्ही हाय," गोरक्ष म्हणे.

पुढे संत तुकाराम नगरात पाण्याच्या टँकरनं रंगरावांच्या गाडीचं दार खरवडलं. विम्याचा माणूस पाहणीला आला. तो दाराकडे कमी आणि बॉनेटखाली कोरलेल्या चेसिस नंबरकडेच जास्त बघायला लागला.

"काका, गाडी कुणाची?"

"म्हणजे काय? माझी!"

"पाटी तुमची आहे. कागद तुमचे आहेत. गाडी दुसऱ्याची आहे."

उलगडा झाला तो असा. दसऱ्याला मुहूर्त टळेल म्हणून रंगरावांनीच शोरूममध्ये घाईघाई लावली होती. त्या घाईत एका गाडीची नंबरपाटी दुसरीवर चढली आणि दुसरीची पहिलीवर. म्हणजे रंगराव नेमानं विमा भरत होते कांद्याच्या गाडीचा, आणि दर रविवारी मऊ फडक्यानं पुसत होते ती गोरक्षची! गोरक्षनं मागितली तर द्यावी लागणार होती.

रंगराव पेढे घेऊन त्याच्या गावी गेले. आपापली गाडी आपल्याकडेच ठेवू, फक्त कागद बदलून घेऊ, अशी विनवणी केली. गोरक्षनं शांतपणे चहा संपवला.

"म्हंजी माझी गाडी तुमी एवढी धुतली, आन् मला पत्ता न्हाई व्हय?"

पण सही द्यायला तो लगेच तयार झाला. आडवा आला तो विम्याचा माणूस. कागद बदलून येईपर्यंत ज्याच्या कागदात जी गाडी, तीच त्यानं चालवायची. "विमा चेसिस नंबर बघतो, काका. माया नाही."

सगळ्यांना चपला झटकायला लावणाऱ्या रंगरावांना नियम पाळावाच लागला. गाड्या बदलल्या.

कागद यायला कांद्याचा अख्खा हंगाम गेला. रंगरावांनी पहिल्या रविवारी नाक दाबून फक्त लेंड्या झाडल्या. पुढच्या रविवारी शाम्पू आणला. मग जुन्या टूथब्रशनं एसीच्या जाळ्या घासल्या. शेवटी सीटवर नवं प्लॅस्टिकही चढवलं. सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

अखेर कागद आले. कंपनीच्या गेटवर किल्ल्यांची अदलाबदल झाली. रंगरावांनी आपली, आता कायद्यानंही आपली, गाडी उघडली. सीटवरचं प्लॅस्टिक केव्हाच गेलं होतं. आत कांद्याची सालं होती, आणि मागच्या सीटवरून शेळी त्यांच्याकडे बघत होती.

"थांबा, उतरवतो तिला," गोरक्ष म्हणाला. शेळी काखेत मारून तो आपल्या गाडीभोवती फिरला. बॉनेटमध्ये त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्यानं चपला काढल्या आणि हळूच आत बसला. मग काच खाली करून म्हणाला,

"रंगराव, घरी ट्रॅक्टर बी हाय. त्याचा बी नंबर एकदा तपासून बघा की."