बाबाजी चाळ, चोवीस तास उघडी

मोबाइलमधल्या टॉर्चच्या ॲपला कुणी परीक्षण लिहितं का? आमच्या घाडीकाकांनी लिहिलंय. 'बटण दाबल्यावर उजेड पडतो. पुन्हा दाबल्यावर जातो. अपेक्षेप्रमाणे. तीन तारे.' खाली पूर्ण नाव आणि 'निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, कांजूरमार्ग'. तीनच तारे का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाच दिले तर ते सुधारणार कधी?"

मी ब्लू पाम सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद माझ्या गळ्यात पडलं, कारण निवडणुकीच्या सभेला मी गैरहजर होतो. काका चौथ्या मजल्यावर एकटे राहतात, मी सहाव्या. लिफ्टमध्ये ते भेटले की मी मनातल्या मनात मजले मोजायला लागतो.

काकांची अख्खी नोकरी लोकांचे टेलिफोन दुरुस्त करण्यात गेली. तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरलाय. तक्रार आली की तिला नंबर द्यायचा आणि लाईन चालू झाल्याशिवाय तो नंबर मिटवायचा नाही. त्या नंबरला ते डॉकेट म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्मार्टफोन घेतला आणि जगातलं प्रत्येक ॲप त्यांना बंद पडलेल्या टेलिफोनसारखं दिसायला लागलं. ते फीडबॅक लिहितात. लिहितात म्हणजे 'माननीय महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत.

फोनचं अपडेट आंघोळ झाल्यावरच करायचं, असा त्यांचा दंडक आहे. फोन चार्जिंगला लावून ते समोर खुर्ची टाकून बसतात. त्या वेळात बेल वाजवली तर आतून "अपडेट चाललंय!" अशी आरोळी येते आणि दार उघडत नाही. अटी आणि शर्ती ते पूर्ण वाचतात. एकदा किराणा मागवायच्या ॲपची अकरावी अट त्यांना पटली नाही, तर चार दिवस डाळीशिवाय काढले, पण 'मान्य' दाबलं नाही.

चॅटवर मदत करणाऱ्या यंत्राशी त्यांचा संवाद तर मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय. "आपण माणूस आहात का? असल्यास नाव सांगा, नसल्यास वरिष्ठांना बोलवा." यंत्राने नम्रपणे माफी मागितली. काकांनी लिहिलं, "माफी मिळाली. डॉकेट नंबर काय?"

हे सगळं मी हसून सोडून देत होतो. मग नकाशाचं प्रकरण सुरू झालं.

आमच्या टॉवरच्या जागी पूर्वी बाबाजी चाळ होती. ती पाडून चौदा वर्षं झाली. चाळकऱ्यांना नव्या इमारतीत घरं मिळाली, त्यातलं एक काकांचं. माझ्यासारखे बाहेरचे लोक नंतर विकत घेऊन आले. आणि अचानक गेल्या वर्षी नकाशाच्या ॲपवर आमच्या मागच्या गेटवर 'बाबाजी चाळ' उगवली! चाळीचा दरवाजा पूर्वी तिथे होता म्हणे. आता तिथे कचऱ्याचे डबे असतात आणि गेटला कुलूप. कुरियरवाले, रिक्षावाले, जेवण आणणारे सगळे तिथेच येऊन हॉर्न वाजवायला लागले. कांजूरच्या कचरा डेपोकडचा वारा आला की बिचारे नाक धरून वाजवायचे. सभासद मला फोन करून झापायचे, "सेक्रेटरी, पिझ्झा कचऱ्यात आलाय."

माझं डोकं फिरलं. मी ॲप उघडलं, 'बदल सुचवा'वर गेलो आणि 'ही जागा अस्तित्वात नाही' दाबलं. दोन दिवसांत चाळ गायब. आठवड्याने पुन्हा हजर. मी पुन्हा उडवली. पुन्हा आली. अशी सहा वेळा उडवली. मीही काही कमी हट्टी नाही.

सातव्या वेळी चाळीऐवजी दारावर काकाच उभे. काखेत डॉकेटची वही.

"अरे सेक्रेटरी, जरा तुझं डोकं चालव. माझी चाळ कुणीतरी नकाशावरून उडवतोय. सहा वेळा! आपल्या सोसायटीतलाच आहे, मला दाट संशय आहे."

"असं कशावरून?" मी विचारलं.

"बाहेरच्याला इतका वेळ कुठे असतो?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांनी जपून ठेवलेलं चाळीचं पान मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्रकारांच्या यादीत चाळ नव्हती, म्हणून काकांनी 'पर्यटनस्थळ' निवडलं होतं. वेळ: चोवीस तास उघडे. फोन: काकांचा स्वतःचा. कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं होतं, 'इथे काहीच नाही.' त्याखाली काकांचं उत्तर, 'आपण चौदा वर्षं उशिरा आलात. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

मला हसू आवरेना. "काका, पण हवीय कशाला ही चाळ नकाशावर? पाडलेली जागा ती. लोकांची नुसती वाट लागतेय."

काका खुर्चीत बसले. वही त्यांनी मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"सुहास येईल ना," ते म्हणाले.

सुहास त्यांचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, वडील गिरणीत. पोराला शाळेत सोडण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं काकांनी केलं. त्याचं होऊ दे मग बघू, असं म्हणता म्हणता स्वतःचं लग्न राहूनच गेलं. पुढे चाळ पाडायची ठरली. काकांना लिफ्ट हवी होती, इंटरनेटची चांगली लाईन हवी होती, त्यांनी संमतीपत्रावर पहिली सही केली. सुहासने सही करायला नकार दिला. दोघांची जुंपली.

"जाताना काय म्हणाला माहितीय? 'चाळ पाडलंस तर मी येऊ खंय?'" काका मालवणीत फक्त एवढंच बोलले आणि थांबले. "तो गेला तो गेलाच. त्याचा नंबर बंद. मी सगळीकडे शोधलं रे, प्रत्येक साइटवर. सुहास घाडी ढीगभर आहेत, आमचा त्यात नाही. घरचा जुना फोन मी तेवढ्यासाठी चालू ठेवला होता, तर ती लाईनच खात्याने बंद केली. आता त्याला कधी यावंसं वाटलं तर तो काय शोधणार? ब्लू पाम शोधणार? त्याने हे नावसुद्धा ऐकलेलं नाही. तो बाबाजी चाळच टाकणार. आणि ॲप सांगणार, अशी जागा नाही."

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की तो हरामखोर मीच. नाही सांगितलं. मला लाज वाटली, आजही वाटते.

"परत टाकतो," काका उठत म्हणाले. "सातव्यांदा. लाईन चालू झाल्याशिवाय डॉकेट बंद होत नाही."

त्यांनी टाकलं. संध्याकाळी माझ्या फोनवर ॲपचा प्रश्न आला: 'बाबाजी चाळ ही जागा अजून इथे आहे का?' मी 'आहे' दाबलं. मग सोसायटीच्या ग्रुपवरच्या आणखी अकरा जणांना दाबायला लावलं. कारण विचारणाऱ्यांना सेक्रेटरीच्या अधिकारात गप्प केलं. डबे हलवले, मागच्या गेटचं कुलूप काढलं आणि दिवसभरासाठी तिथे वॉचमन बसवला. सभेत त्यावरून माझ्यावर ठराव यायचा बाकी आहे.

परवा दुपारी खिडकीतून पाहिलं तर मागच्या गेटशी पंचावन्नेक वर्षांचा एक माणूस उभा होता. हातात फोन, मान वर, टॉवरकडे बघत. मी लिफ्टची वाट न पाहता सहा मजले उतरलो.

"घाडी का?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही हो. पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस आहे, नवव्या मजल्यावर."

वर चौथ्या मजल्याच्या खिडकीत काका उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"कोण रे?" त्यांनी विचारलं.

"फिल्टरवाला, काका."

"बरं." ते आत वळले आणि पुन्हा बाहेर डोकावले. "त्याला विचार, पत्ता बरोबर दाखवला ना?"

मी विचारलं. "हो," मी वर ओरडून सांगितलं, "थेट गेटपर्यंत आणलं म्हणतो."