त्याच्या तोंडानं सांग

लातूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली मुन्शीजी बसायचे. कुणी तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आलं, की ते आधी लेखणी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "ज्याच्यावर अर्ज करायचाय, तो काय म्हणतोय?"

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, म्हणून मराठी माणसाला अर्ज लिहायचा तर मुन्शीजींकडंच यावं लागे. खरं नाव दत्तोपंत, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. मी कचेरीत कारकून होतो. कामातून उसंत मिळाली, की त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसायचो.

एकदा देवणीकडचा एक शेतकरी तावातावानं आला. "अर्ज लिहा मुन्शीजी. धाकट्यानं न इचारता माजी बैलजोडी नेली."

"धाकटा काय म्हणतोय?"

"तो खोटं बोलून राहिला."

"खोटं का असंना. त्याच्या तोंडानं सांग. 'मी' म्हणून."

शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. शेवटी तो कसाबसा सुरू झाला. "मी बैल नेले. वापसा जाईल, पेरणी हुकंल म्हणून नेले. आधी दादाच्या दाराशी गेलो व्हतो. वैनी म्हनली, त्यांना ताप हाय, उठवू नगा..." तो थांबला. "म्हंजी इचाराया आला व्हता की."

तो पागोटं सावरून उठला आणि अर्ज न लिहिताच निघून गेला.

"गेलं गिऱ्हाईक," मुन्शीजी समाधानानं म्हणाले.

पुढं माझीच पाळी आली. माझी बायको सुमन भांडून मुरुडला माहेरी गेली, ती दोन महिने आली नाही. मी तिला चांगलं लांबलचक पत्र लिहिलं आणि मुन्शीजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून त्यातले दोनच शब्द जागोजाग खोडले : 'नेहमी' आणि 'कधीच'.

"हे लफ्ज काढा," ते म्हणाले. "'तू कधीच ऐकत न्हाईस' म्हणलं, की माणूस आपण कवा कवा ऐकलं ते आठवत बसतो. तुमचं पुढचं त्याच्या कानात शिरत न्हाई."

शब्द काढल्यावर पत्रात फारसं काही उरलंच नाही.

"घरी गेल्यावर तुम्हाला काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काय होणार? दिवा लावतो. बसतो. जेवण जात नाही."

"मग हे पत्रात कुठं हाय?"

मी नवं पत्र लिहिलं. चार ओळींचं. सहाव्या दिवशी सुमन भावाबरोबर आली. उंबऱ्यातच म्हणाली, "पत्र कुणी सांगितलं?"

"मीच लिहिलं."

"अक्षर तुमचं आहे, ते कळलं. पण 'माझं चुकलं' हे तुमच्याकडून पहिल्यांदाच आलं, म्हणून विचारलं."

दोन दिवसांनी मुन्शीजींना पेरू द्यायला मी भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्या वेळी ते रोज जेवायला घरी जात. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी घरी बोलावलं नव्हतं. का, ते आत गेल्यावर कळलं. त्यांच्या पत्नी, काकू, बाजेवर उशीला टेकून होत्या. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, वाचाही जवळजवळ गेलेली. मुन्शीजी त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवत होते.

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सु... सु..."

"सुपारी?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "सुई हवीय का?"

मुन्शीजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा. तिचा शब्द हाय. तिला सापडू द्या."

आम्ही थांबलो. दूध निवून गेलं. काकूंच्या कपाळावर घाम आला.

"सु...मन?"

मला क्षणभर कळेना. मग उलगडलं. रोज दुपारी कचेरीसमोर घडलेलं सगळं या बाजेपाशी सांगितलं जात होतं.

"आली, काकू. परवाच आली."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. मुन्शीजींनी घास हातात तसाच धरला होता. "महिनाभर 'पाणी' सोडून काही बोलली नव्हती," ते हळूच म्हणाले आणि घास ताटलीत ठेवून धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसू लागले.

मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंचे ओठ पुन्हा हलले. मुन्शीजींनी चष्मा पुसायचा थांबवला. मीही थांबलो.