अस्वलाचे उपास

एका जंगलात, मुलांनो, दामूअण्णा नावाचं एक गलेलठ्ठ अस्वल राहत असे. त्याचे पाय सुजू लागले, तेव्हा बायको सुंदराबाई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर होत्या साळिंदरबाई. त्यांना सुया विकत आणाव्या लागत नसत.

रक्त-लघवी तपासून त्या म्हणाल्या, “मूत्रपिंडं थकली आहेत. गेलेली ताकद परत येत नाही. पण रोजच्या ताटातलं चौथाई कमी केलंत, तर उरलेल्या ताकदीवर पुष्कळ वर्षं निघतील.”

“म्हणजे उपास?” सुंदराबाईंनी विचारलं.

“उपास नको. थोडं कमी खायचं, एवढंच.”

आता या जंगलाला पंगत ठाऊक होती आणि उपास ठाऊक होता. थोडं कमी हा प्रकार कुणी ऐकलाच नव्हता. सुंदराबाईंनी विचार करून अण्णांना सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी धरायला लावली.

उपासाला साबुदाण्याची खिचडी असे आणि शेंगदाण्याची आमटी. शिवाय बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, केळ्याचं शिकरण. अशक्तपणा येऊ नये म्हणून शेजारची माकडीण वऱ्याचे तांदूळ पाठवी. संध्याकाळी उपास सोडायला गोड लागेच. उपासाचं कुणी मोजत नाही, मुलांनो. देवाला आवडत नाही म्हणे.

अण्णांचे पाय आणखी सुजले, दम लागू लागला. साळिंदरबाई घरी आल्या.

“काय खातात?”

“काही नाही हो. आज उपासच आहे.”

बाईंनी ताट पाहिलं आणि त्यांचे सगळे काटे उभे राहिले. “बटाटा, रताळं, केळं तर त्यांना आता विषासारखं. उचला हे.”

“आजाऱ्यापुढचं ताट उचलू? आमच्यात नाही ती पद्धत.”

बाई गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “अगं, मला जगायचंय. एवढं वाढू नकोस ना.”

सुंदराबाईंना रडू कोसळलं. “चाळीस वर्षं वाढतेय तुम्हाला. तेही करायचं नाही, तर मी तुमच्यासाठी करू तरी काय?”

अण्णांना तिची फार दया आली. त्यांनी ताट संपवलं आणि वर थोडी खिचडी मागून घेतली.

दोन महिन्यांनी अण्णा गेले. तेराव्याला सगळं जंगल जेवायला आलं. “उपास करकरून खंगला बिचारा,” असं म्हणत जो तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता. साळिंदरबाईंकडे त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

तात्पर्य : थोडं कमी खाल्ल्याने मूत्रपिंडं टिकतात, हे आमच्या जंगलात अजून सिद्ध झालेलं नाही. कारण थोडं कमी खाऊन कुणी पाहिलेलंच नाही.