किल्ल्या बाहेर ठेवा

पळसदेवला आमच्या शेजारच्या भानुदासतात्यांकडे जायचं, तर चपलांच्या आधी खिशातल्या किल्ल्या बाहेर काढाव्या लागत. "लोखंड हाय का अंगावर?" हा त्यांचा रामराम. एकदा त्यांनी जावयाचा पट्टासुद्धा बकलासाठी काढायला लावला. बिचारा एका हातानं पँट धरून जेवला.

कारण, ओट्यावरचं होकायंत्र. फौजेत होकायंत्र धरून नकाशे वाचलेल्या तात्यांनी तसलंच एक हौसेनं विकत घेतलं होतं. लोखंड जवळ आलं की त्याची सुई ढळते. त्यांच्या घरच्या काकूंचा चहा येईपर्यंत ते शिकवत, "झाकणातल्या तारंवर लांबची खूण धरायची. भिंगातनं तबकडीवरचा दिशेचा आकडा वाचायचा. सुई नुसती उत्तर दाखवती, बाकी आपलं आपण बघायचं." मी जांभई दिली की पुन्हा झाकणापासून सुरुवात.

जुनं गाव धरणात जाण्याआधी तात्यांनी घराच्या उंबऱ्यात उभं राहून दोन आकडे टिपले होते. एक देवळाच्या शिखराचा, एक पलीकडच्या टेकडीचा. पाण्यावर दोन्ही जिथं जुळतील, तिथं खाली घर. दर उन्हाळ्यात पाणी उतरून शिखर दिसलं की काकू म्हणत, "मला एकदा आपल्या दारापत्तोर न्या की."

पण होड्या सगळ्या पत्र्याच्या. "लोखंडात बसून सुई खरं बोलंल व्हय?" म्हणत तात्या पुढच्या सालावर ढकलत. अशी दहा-बारा सालं गेली आणि एका हिवाळ्यात काकूच गेल्या.

त्या उन्हाळ्यात तात्या माझ्याकडे आले. "मास्तर, ट्रॅक्टरच्या टुबा मिळतील का?" दोन ट्यूबांवर मी दोरीनं फळी बांधली. फळीत खिळा नाही ना, हे तात्यांनी सुई धरून तपासलं. मग मी वल्हवतोय आणि ते "डावीकडं, जरा मागं" करतायत. अर्धा तास आम्ही गोल गोल फिरलो. मासे धरणारे जाळी सोडून बघत बसले.

"थांबा मास्तर. जुळलं."

खाली नुसतं हिरवं पाणी. तात्यांनी होकायंत्र मिटलं.

"पत्र्याच्या होडीतनं आणायला पायजे हुती तिला. धा पावलं चुकलो असतो. तिला कुठं आकडे बघायचे हुते?"

इतकी वर्षं त्यांना हसलो, याची मला लाज वाटली. तात्यांनी पायातल्या स्लिपरा काढून फळीवर जोडीनं ठेवल्या.

"चपला घालून आत आल्यालं तिला चालत न्हाय," ते म्हणाले.

मी वल्हं आडवं ठेवलं आणि माझ्याही काढल्या.