बिजलीच्या शिंगावरचा फोन

आमच्या गल्लीतले दस्तगीरभाई म्हशीच्या शिंगाला मोबाइल बांधून धार काढतात. म्हैस पंढरपुरी, नाव बिजली, शिंगं हातभर लांब. शिंगाला फडक्यानं फोन बांधायचा, व्हिडिओ कॉल लावायचा आणि खाली चरवी घेऊन बसायचं. पलीकडून त्यांची लेक रेश्मा बोलते. ती जनावरांची डॉक्टर. सध्या चीनमध्ये पांडांच्या पैदास केंद्रात शिकाऊ आहे. लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय बिजली पान्हा सोडत नाही, असं भाईंचं म्हणणं.

रेश्मा गेल्यापासून भाईंच्या तोंडी दुसरा विषय नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोरच धार काढतात; तिथं ताजं दूध प्यायला आलेल्या माणसाच्या हातात पेला देऊन ऐकवणार, "आमचा पांडा वर्सातनं दोन-तीन दिवस माजावर येतो, पावणं! तेबी नराच्या ध्येनात आलं तर! असली म्हस आमी बाजारात हुबी न्हाय करणार." मग शिंगाकडं तोंड करून चीनला सल्ला: "सायबाला सांग की, निस्त्या बांबूवर काय हुतंय? सरकी पेंड चालू करा म्हणावं!"

"अब्बा, ते शास्त्रज्ञ हाईत!"

"मग? माज्या हातावर किती म्हशी व्याल्या, त्येंला सांगितलंस का?"

आता माझी तक्रार. मी एका रेडकापासून सुरुवात करून म्हशींचा व्यापारी झालो. बिजलीसाठी भाईंच्या हातावर रुमाल टाकला आणि आतल्या आत बोटं दाबून भाव चढवत नेला. माझी बोटं संपली, गडी हलेना. वर भर कट्ट्यावर म्हणाले, "न्हेऊन काय करणार, दादा? पोरीचा आवाज कुठनं आणशीला?" लोक हसले. पेला आपटून मी घरी आलो. महिनाभर बोललो नाही.

परवा भाई लग्नाला गडहिंग्लजला गेले आणि पाहुण्यांनी त्यांना ठेवून घेतलं. संध्याकाळी मला फोन. "दादा, राग मागनं काढा. बिजलीची कास तटली असंल. फोन तर माझ्यासंगं हाय, तुमचा बटनाचा; ती काय द्यायची न्हाय. पर जरा बसून बघा की."

गेलो. लाथ खायच्या तयारीनंच बसलो. कासेला पाणी लावलं, हात फिरवला. बिजलीनं चूं न करता चरवी भरून दिली. वर मान वळवून माझा खांदा चाटला.

इतकी वर्षं बाजार केला आणि या माणसानं मला सरळ गंडवलं होतं! उद्या भर कट्ट्यावर विनाफोन धार काढून दाखवतो आणि तिथंच रुमाल टाकतो, असं ठरवून उठलो, तर खुंटीला रेश्माचे गमबूट. गोठ्यात सगळ्यावर धूळ, बूट तेवढे पुसलेले. भाईंची बायको पोरगी लहान असतानाच गेली. त्या घरात बाप-लेक दोघंच.

तेवढ्यात फोन वाजला. "दिलं का वो?" भाईंचा आवाज अगदी बारीक.

चरवीवरचा फेस अजून बसला नव्हता.

"कुठलं दूध!" मी ओरडलो. "लाथा घालती की तुमची म्हस! पोरगीच पायजे तिला!"

"मी सांगत हुतो न्हवं?" भाई एकदम खुलले. "थांबा, रेश्माला लावतो. बिजली वाट बघतीय म्हणून सांगतो."

चरवी झाकून घरी आणली. बायको म्हणाली, "ह्ये कुणाचं?"

"गप तापीव," मी म्हणालो. "आन् गल्लीत बोलू नगंस."