ताडपत्रीमागचा सिलिंडर

रूपालीच्या टपरीसमोर चूल दिवसभर पेटलेली असे आणि तिच्यावर दिवसभर काही शिजत नसे. एक काळंकुट्ट पातेलं ठेवलेलं, त्यात नुसतं पाणी. खालचा धूर पाहून रायगड उतरून आलेल्या पर्यटकांना भूक लागे. मग पिठलं आणि तांदळाची भाकरी मागे ताडपत्रीच्या आड गॅसवर तयार होई. हिरकणीवाडीच्या अलीकडे, वळणावर अशा चार टपऱ्या होत्या आणि चारींवर 'चुलीवरचं जेवण' असा फलक होता. यात कोणी कोणाला फसवतंय असं त्या बायकांना वाटत नव्हतं. चूल होती, जेवणही होतं. दोघांचा संबंध गिऱ्हाईक आपला आपण लावत होतं.

तो संबंध तोडला रूपालीच्या नवऱ्याने. भरत गडावर गाईड होता. बोलणं हा त्याचा धंदा, आणि गड उतरल्यावरही तो धंदा बंद करत नसे. एका रविवारी कोणा पर्यटकाने मोबाइल समोर धरून विचारलं, "काका, खाली खरं चुलीवरचं कुठे मिळतं?" प्रश्न आला आणि भरतकडे उत्तर नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"खरं सांगू? त्या वळणावर तरी कुठंच नाय. चूल बघायला, गॅस खायला! ताडपत्री उचला, मागं सिलिंडर हाय. माझ्या बायकोच्या टपरीवर पण तेच. मी खोटं बोलत नाय."

सोमवारी औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी सुटेपर्यंत ही चित्रफीत महाडमधल्या यच्चयावत मोबाइलवर फिरून आली होती. दुपारी टपरीवाल्यांची पुढारीण रंगूबाई बाकीच्या दोघींना घेऊन रूपालीच्या दारात उभी राहिली.

"भरत्या कुठं हाय?"

"मीच शोधतेय," रूपाली म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं. भाकरीला लाटणं लागत नाही, हे रंगूबाईच्या लक्षात आलं आणि तिला जरा बरं वाटलं.

भरत तेव्हा पोलादपूरच्या एसटीत बसला होता. पोलादपूरच्या पुढे डोंगरात त्याची थोरली बहीण शर्मिला दिली होती. तिने भावाची हकीकत ऐकली आणि ताबडतोब आश्रय दिला. तिला सत्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण गेल्या गौरीला रूपालीने तिला नेसवलेली साडी पहिल्याच धुण्यात रंग सोडून मोकळी झाली होती.

"राहा तू हितं," ती म्हणाली. "बघते कोण नेतंय ते."

संध्याकाळी शर्मिलाच्या ओटीवर माणसं जमली. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली होती, तरी भरतच्या तोंडून पुन्हा ऐकली. मग मतं पडली. काहींच्या मते बायकोच्या पोटावर पाय देणारा असला नवरा वैऱ्यालाही मिळू नये. पण बहुमत भरतच्या बाजूने होतं. रोज दूध घालणारा धोंडू तर भारावून गेला.

"खरं ते खरं!" तो म्हणाला. "बायकोला पण सोडलं नाय गड्यानं. असा एक तरी माणूस गावात पाह्यजे."

तेवढ्यात रंगूबाईचा फोन आला. शर्मिलाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आमचा माणूस परत द्या," रंगूबाई म्हणाली. "त्यानं चार माणसांसमोर सांगायचं, मी बोललो ते खोटं होतं. वाळीत टाकायचं म्हणावं तर आता कायदा आडवा येतो."

"त्याला मारणार नाय कशावरून?"

"कोण मारतंय? नुसतं बोलणार हाव."

"रूपालीचं काय? ती जेवायला घालील?"

रंगूबाईने पलीकडे कोणाला तरी विचारून घेतलं.

"तेवढी हमी मला देता येणार नाय," रंगूबाई म्हणाली. शर्मिलाने विजयी मुद्रेने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू दूध घालायला आला, तेव्हा भरत ओटीवर मिसरी लावत बसला होता. धोंडूने माप भरलं. भरतने मापाकडे पाहिलं. धोंडूने भरतकडे पाहिलं.

"काय बघतोस रे?"

"काय नाय. फेस बसू दे म्हटलं."

धोंडूने फेस बसू दिला आणि वर आणखी थोडं दूध घातलं. अशी वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती. दुपारपर्यंत त्याचं मत बदललं आणि घरोघरी दूध घालणाऱ्या माणसाचं मत घरोघरी पोचतंच.

"खरं बोलणारा माणूस चांगलाच," तो सांगू लागला. "पण तो आपल्याच गावात कशाला?"

शर्मिलाचा नवरा किशोर हा गरीब स्वभावाचा माणूस. त्याने तंबाखू सोडल्याला वर्ष झालं होतं, असं शर्मिला समजत होती. तो गोठ्यामागे पुडी सोडत असतानाच भरत लाकडं शोधत तिथे आला.

"भावजी, तुम्ही तर..."

"भरत, तुला घरची आठवण येत नाय का रे?" किशोरने विचारलं. त्याचा आवाज अगदी कळवळून आला होता.

शर्मिला तेवढी ठाम होती. पण तिसऱ्या प्रहरी शेजारीण पापड घेऊन जायला आली आणि म्हणाली, "घरचे पापड खावे तर तुझ्याच हातचे गो!" महाडच्या बाजारातून आणलेली ती पापडांची पिशवी भरतने सकाळीच पाहिली होती. त्याने घसा खाकरला. शर्मिलाने त्याला पाणी आणायला आत पिटाळलं आणि शेजारीण गेल्यावर स्वतःच फोन लावला.

"रूपाली, अगो, नवरा-बायकोत असं किती दिवस चालायचं? घेऊन जा त्याला."

"अवो वन्सं, राहू द्या की चार दिवस."

"आजच ये," शर्मिला म्हणाली. "साडीचं मी मनात ठेवलेलं नाय."

रूपाली रिक्षा करून आली. ती ओरडली नाही, त्यामुळे भरत जास्तच घाबरला. वाटेत सावित्रीचा पूल आला तेव्हा त्याने धीर करून विचारलं, "मला काय, सगळ्यांसमोर खोटं बोललो म्हणायचं?"

"काय नको. लोक आता टपरीत आले की आधी ताडपत्री उचलून बघतात. आम्ही सिलिंडर घरी नेऊन ठेवले. सगळं चुलीवरच करतो. तुमच्या तोंडातून निघालं, ते आता निस्तरा."

"मी काय करू?"

"लाकडं फोडा आणि चूल फुंका."

दुसऱ्या दिवसापासून भरतचं गडावर जाणं बंद झालं. लाकडं ओली होती, धूर दाट होता. दुपारपर्यंत त्याचे डोळे लाल झाले आणि तोंड पातेल्याइतकं काळं झालं. रूपालीच्या भाकऱ्या मात्र सुरेख उतरत होत्या. त्या पाहून भरतला खरोखर आनंद झाला. आपण बोललो म्हणून जगात एक गोष्ट खरी झाली, असं त्याला वाटत होतं.

एक कुटुंब गाडीतून उतरलं. गृहस्थांनी सरळ मागे जाऊन ताडपत्री उचलली. मागे काही नव्हतं.

"सिलिंडर कुठे लपवलात?" त्यांनी विचारलं.

"नाय हो साहेब, सगळं चुलीवरच हाय," भरत खोकत म्हणाला. "मी खोटं बोलत नाय."

"तसं सगळेच सांगतात." गृहस्थांनी मोबाइल काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर स्वच्छ सदऱ्यातला, भांग पाडलेला एक माणूस ठासून बोलत होता. "हे बघा. तुमच्याच गावचा माणूस आहे. बायकोलासुद्धा सोडलं नाही त्याने. आमचा विश्वास याच्यावर."

भरतने ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. त्या माणसाचा त्याला मनापासून राग आला. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण आपण कोण ते सांगावं की सांगू नये हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात मंडळी गाडीत बसून हायवेच्या हॉटेलकडे निघून गेली.

"काय म्हणत होती माणसं?" रूपालीने आतून विचारलं.

"काय नाय," भरत म्हणाला आणि त्याने फुंकणी तोंडाला लावली.